माझ्या अक्षरातली यादी

पनवेलजवळ विचुंब्याला राहायला आलो तेव्हा माझ्या स्वयंपाकघरातल्या लाद्या ज्याने बसवल्या, त्याला माझ्या डोळ्यांदेखत मारलं. मारणारे चौघं आमच्याच सोसायटीतले होते. आणि त्याचं नाव त्यांना मी दिलं होतं.

तो पश्चिम बंगालमधल्या मालद्याचा. आमच्या सोसायटीमागे नव्या टॉवरचं काम चालू होतं, तिथे मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या; त्यातल्या एका खोलीत बायको आणि लहान मुलीबरोबर राहायचा. लादी बसवली की बोटाने ठोकून बघायचा; पोकळ वाजली तर उखडून पुन्हा बसवायचा.

त्या दिवसांत टीव्हीवर सतत युद्धाची भाषा चालू होती. सोसायटीच्या ग्रुपवर सकाळपासून मेसेज यायचे: हे मुसलमान मजूर बांगलादेशी आहेत, ही वाळवी आहे, गद्दारी यांच्या रक्तातच आहे, चेहऱ्यावरून ओळखू येतात. रविवारच्या मीटिंगमध्ये अध्यक्ष मला म्हणाले, "बाई, तुम्ही रिटायर्ड शिक्षिका. त्या खोल्यांतल्या लोकांची एक यादी करून द्या. नाव, गाव, धर्म. पोलिसांना द्यायचीय, बस."

मी इतिहास शिकवायची. जर्मनीत ज्यूंच्या याद्या कशा झाल्या, वंश ठरवायला नाकांची मापं कशी घेतली, आधी माणसांना कीड म्हटलं आणि मग लाखोंनी मारलं, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं. एकदा एका मुलीने विचारलं, "बाई, तेव्हा शेजारी काय करत होते?" मी म्हटलं, "घाबरले होते."

चुकीचं शिकवलं मी. वही घेऊन त्या खोल्यांत गेले तेव्हा मला कुणाचीच भीती नव्हती. उलट, अजून आपली गरज लागते म्हणून बरं वाटत होतं. त्या लादीवाल्याने मला बसायला खुर्ची पुसून दिली, न मागता आधार कार्ड दाखवलं.

यादी पोलिसांकडे गेलीच नाही. फोटो काढून कुणीतरी ती ग्रुपवर टाकली.

बुधवारी सकाळी खालून आरडाओरडा ऐकू आला. मी धावत उतरले. त्याला केसांना धरून गेटपर्यंत फरफटत आणलं होतं. "बोल, कुठून आलास?" "मालदा, साहब, मालदा." प्रत्येक 'मालदा'ला एक सळई बसत होती. एकाने त्याचा उजवा हात गेटजवळच्या फरशीवर दाबून धरला आणि दुसऱ्याने हातोडी मारली. हाडाचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. डोळ्यातून रक्त, तोंडात रक्त. भोवती घोषणा चालू होत्या; त्याची बायको त्यांच्यापेक्षा मोठ्याने किंचाळत होती.

मी ओरडले, "अरे, त्याच्याकडे कागद आहेत! मी बघितलेत!"

मारू नका, असं नाही म्हणाले मी. कागद आहेत, म्हणाले.

"कागद खोटे असतात, बाई," एकजण धापा टाकत म्हणाला. "त्याचा चेहरा बघा ना."

तेवढ्यात आमच्या गेटवर मासे विकायला येणारी कोळीण पाटी टाकून धावली आणि सरळ त्याच्या अंगावर पडली. एक सळई तिच्या खांद्यावर बसली. "मारा!" ती म्हणाली. "मलापन मारा. माझ्याकडं बी कागद नाय."

ते थांबले. दया आली म्हणून नाही. ती इथली होती, तिचे लोक खाडीवरून चालून आले असते.

त्याचा एक डोळा गेला, हाताची तीन बोटं कायमची वाकडी झाली. टाके काढायच्या आतच कुटुंब गावी निघून गेलं. मी पोलिसांत जाऊन चौघांची नावं दिली, यादी माझी होती हेही सांगितलं. साहेब म्हणाले, "यादी करणं गुन्हा नाही, बाई." ते त्यांनी लिहूनच घेतलं नाही. चौघं जामिनावर सुटले तेव्हा गेटवर फटाके वाजले. सोसायटी आता माझ्याशी बोलत नाही.

कोळिणीने आमच्याकडे येणं सोडलं. मी तिला बाजारात शोधून काढलं. विचारलं, "तुला भीती नाही वाटली?"

"वाटली ना," ती म्हणाली. खांदा अजून पुरता वर जात नव्हता. "पन बाय, तुमी तर माज्या आदीपासून तितं उब्या व्हत्या."