लूप की लूम

आईनं गल्लीभर सांगून टाकलं की पोरीनं घरात लूम टाकलाय. मी तिला 'लूप' असं सांगितलं होतं. आवाजाचा एक छोटा तुकडा कापायचा, तो संपला की पुन्हा पहिल्यापासून वाजतो, त्यावर दुसरे आवाज रचायचे आणि गाणं उभं करायचं, असं सगळं मी तिला ती भाकरी थापत असताना समजावलं. चूक माझीच. भाकरी थापताना आई फक्त तव्याचं ऐकते. आणि सोलापुरात, या मागांच्या गावात, कुणी 'लू' म्हटलं की पुढचा 'म' ऐकणारा स्वतःच्या पदरचा घालतो.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या अक्का दारात हजर. त्यांच्या घरी तेलुगू बोलतात, आणि तीन पिढ्या मागावर गेलेल्या. "काय गं, लूम टाकला म्हणे? टॉवेल का चादर?" मी लॅपटॉप दाखवला. त्यांनी टेबलाखाली वाकून बघितलं. "मग आवाज कुटनं येतोय?" मी म्हटलं, "यातूनच." त्या "बरं बरं" म्हणाल्या आणि जाताना आईला सांगून गेल्या की डॉक्टरला दाखवा, पोरगी बसून बसून वाळायला लागली.

एरवी मी लेझीमवाल्या मंडळांसाठी आणि नाचाच्या क्लाससाठी ट्रॅक करते. त्यांची मागणी एकच असते, बेस वाढवा. या वेळी मात्र मी कुणासाठी करत नव्हते. ज्या कारखान्यात माझ्या वडिलांनी, आप्पांनी, तीस वर्षं जॉबर म्हणून माग दुरुस्त केले, तो बंद होणार होता आणि माग भंगारात निघाले होते. आप्पा मंगळवेढ्याकडची कोरडवाहू शेती भावाला देऊन इथं आले आणि मागाच्या खडखडाटात त्यांचे कान गेले. माझं काम त्यांनी कधी ऐकलं नाही. ऐकू येत नाही म्हणून, असं ते म्हणायचे. मला वाटायचं, ऐकायचंच नाही म्हणून. माझी एकच इच्छा होती. त्यांच्या मागाच्या आवाजावर मी बीट बांधावं, आणि ते ऐकून त्यांनी म्हणावं, हा माझा माग.

आप्पा शेवटचं बघायला कारखान्यात आले नाहीत. मी एकटी गेले. ते कायम ज्याच्याशी झगडायचे तो कोपऱ्यातला माग मुकादमानं माझ्यासाठी चालू केला आणि मी मोबाइलवर दोन मिनिटं रेकॉर्ड केलं. "ह्या आवाजापास्नं सुटायला लोक नवस बोलतात, आन् तू घरी न्यायलीस व्हय?" मुकादम म्हणाला.

घरी आल्यावर छळ सुरू झाला. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये उभ्या रेघांची जाळी असते आणि प्रत्येक ठोका रेघेवर पडावा लागतो. हा माग काही केल्या रेघेवर पडेना. आडवा धागा घेऊन पळणारा धोटा उजवीकडून सुटला की 'खट' अगदी वेळेवर. डावीकडून परतताना मात्र 'थड', तोही जरा उशिरा आणि दबका, सासुरवाडीहून परतणाऱ्या माणसासारखा रेंगाळत. लूप चार वेळा फिरला की त्यावर चढवलेला तबला एकीकडे आणि माग दुसरीकडे. ताणून बघितला तर पाण्याखालून आल्यासारखा वाजला. आवळला तर करकरला. उलटा फिरवून बघितला, त्यातून काय निघालं ते सांगण्यासारखं नाही.

शेवटी एकेक ठोका सुटा करून रेघेवर बसवायला घेतला. निम्मं झालं आणि लाइट गेली. माझ्या लॅपटॉपची बॅटरी नावापुरती आहे, सगळं गेलं. पुन्हा बसवलं. आता जमतंय असं वाटेपर्यंत आई ओरडली, "पाणी आलं!" आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. तेव्हा घरात कुणी मेलं असलं तरी आधी पिंप भरतात. मी घागरी उचलल्या आणि मनातल्या मनात नळाला, आईला, मागाला आणि ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या अनोळखी माणसाला शिव्या घातल्या.

आठव्या दिवशी सगळे ठोके रेघेवर आले. डावीकडचा दबका 'थड' काढून टाकला आणि त्या जागी उजवीकडचा स्वच्छ 'खट' चिकटवला. खट खट खट खट. एका ठोक्यातही फरक नाही. मी भलतीच खूश झाले आणि आप्पांना जेवण झाल्या झाल्या ओढून आणलं. हेडफोन त्यांनी झिडकारला. स्पीकरवर तळहात ठेवून ते डोळे मिटून बसले.

"कुटल्या कंपनीचा माग हाय ह्यो?"

"आप्पा, तुमचाच आहे. कोपऱ्यातला."

"न्हाय. असा सरळ चालणारा माग मी जन्मात बगितला न्हाय." त्यांनी हात काढून घेतला. "ह्यात कापड न्हाय बाई."

माझं डोकंच फिरलं. आठ दिवस! मी ओरडूनच बोलले, त्यांना ऐकू यावं म्हणून नव्हे, रागानं. म्हटलं, तुमचा माग मुळातच बिघडलेला होता, एक बाजू धड वाजत नव्हती, मी सुधारून दिला तर त्यातही खोट काढा. आई आतून धावत आली. पुरावा दाखवायचा म्हणून मी मूळ रेकॉर्डिंग लावलं आणि त्यांचा हात धरून स्पीकरवर दाबला. "हे ऐका. हे डावीकडचं ऐका, कसं रडतंय!"

खट, थड. खट, थड.

आप्पांनी या वेळी हात काढून घेतला नाही. दोन मिनिटं संपली तेव्हा त्यांनी बोटानं खूण केली, पुन्हा लाव. दुसऱ्यांदा ऐकताना त्यांचं बोट गुडघ्यावर चालायला लागलं आणि दर डाव्या ठोक्याला बरोबर तेवढंच थांबायला लागलं.

"डावीकडं धोट्याला मारणारी दांडी आपटती ना, तितलं कातडं झिजलं हुतं," ते म्हणाले. "नवं येता येईना. मग मी माझी चप्पल कापून तुकडा बसवला. आनवाणी आलो हुतो त्या दिवशी घरी. तुजी आई लई बोलली." ते हसले. "आजून हाय की तितं."

ज्याला मी आठ दिवस बिघाड म्हणत होते तो त्यांच्या हातचा होता, आणि तोच मी वेचून वेचून काढून टाकला होता. मला स्वतःची एवढी लाज क्वचित वाटली असेल. मी सरळ केलेला ट्रॅक त्यांच्यासमोर पुसून टाकला. मग मूळ आवाजातून एक खट आणि एक थड जसाच्या तसा कापला आणि फिरायला सोडला. रेघांची जाळी बंद करून टाकली. तबला येईल मागाच्या मागे, नाहीतर बसेल घरी.

आप्पांचा हात स्पीकरवरच होता. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा येतो ते कळत नाही. त्यांनी आईला हाक मारली ती अक्कांच्या घरापर्यंत गेली असणार.

"अगं ए, खरंच की! पोरीनं माजा लूम घरी आणलाय!"

लूप, असं मी म्हणणार होते. म्हटलं नाही.