दुसरीचं माप

मास्तरांच्या हाताला सफाई होती, पण जिभेला हाड नव्हतं. त्यांच्या शिवणकामाच्या दुकानात माणसं यायची कपड्यांसाठी आणि रेंगाळायची गप्पांसाठी.

गावचे पुढारी मोटार अपघातात गेले. नवव्या दिवशी त्यांची बायको लाल रेशीम घेऊन दुकानात आली. मापं कागदावर लिहून आणली होती. "चार दिवसांत झगा हवा," एवढंच बोलली. बाई चांगल्या थोराड, आणि मापं तर काडीसारख्या पोरीची. मास्तरांना हे तेव्हाच कळलं. तरी संध्याकाळी चारचौघांत ते म्हणाले, "नवऱ्याला जाऊन नऊ दिवस नाहीत, बाईंना लाल रेशीम सुचतंय!"

हशा पिकला. बाईंचं नाव 'लालबाई' पडलं. पुढे त्या नवऱ्याच्या जागी निवडणुकीला उभ्या राहिल्या, तेव्हा भिंतीभिंतीवर तेच नाव रंगलं. बाई सपाटून आपटल्या.

बावीस वर्षांनी एक अनोळखी बाई तोच झगा घेऊन दुकानात आली. "माझ्या लग्नातला आहे. लेकीसाठी जरा सैल करून द्या."

मास्तरांनी आपली शिवण ओळखली. "दिला कुणी?"

"वहिनीसाहेबांनी. माझे बाबा साहेबांचे ड्रायव्हर. अपघातात साहेब गेले आणि बाबा वाचले, म्हणून गाव त्यांच्या जिवावर उठलेलं. माझ्या लग्नात झगा द्यायचा शब्द साहेबांचा होता, तो वहिनींनी पाळला. म्हणाल्या, बोलू नका कुठे, लोक तुम्हाला फाडून खातील. आता बाबाच गेले, लपवायचं कशाला?"

मास्तरांचा रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी धापा टाकत तीन जिने चढून ते बाईंच्या दारात उभे राहिले.

"वहिनी, ते मीच पसरवलं. माप तुमचं नाही, हे ठाऊक असून."

"मला माहीत होतं, मास्तर. या, बसा."

त्यांना बसवेना. "माफी मागायलाही तोंड नाही मला."

"माझं सोडा. पोरगा शाळेतून रडत यायचा. तेव्हा सांगता आलं नाही; लहान पोराच्या पोटात काय राहतं? मोठा झाल्यावर सांगितलं, तर म्हणाला, सारवासारव करतेस. दहा वर्षं घरी आला नाही." त्यांनी नंबर लावून फोन पुढे केला. "तुम्ही सांगा त्याला."

मास्तर अडखळत सगळं बोलले. मापाचंही. पलीकडून आवाज आला, "आईला द्या."

फोन देऊन ते जिन्यात आले. आतून ऐकू येत होतं, "हो रे... गुडघे दुखतात जरा... तू जेवलास का?"

निरोप घ्यायची हिंमत झाली नाही; मास्तर कठडा धरत एकेक पायरी उतरले.