मामांना करमत होतं

मामा गेले तेव्हा समोर टीव्ही चालू होता.

बघत कुणीच नव्हतं.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. मांडवगण फराट्याचे. उमेदीची सगळी वर्षं मेंढरं राखली.

नव्वदच्या दशकात शाळेला सुट्टी लागली की मी दौंडहून त्यांच्याकडं जायचो. दुपारी ऊन चढलं की मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहायची. मामा बाभळीखाली बसायचे.

नुसते बसायचे. रेडिओ नाही, गप्पा नाहीत, झोपसुद्धा नाही.

"मामा, लई कंटाळा आलाय."

"मग येऊ दी की. त्यो काय खातोय व्हय तुला?"

मी चिडायचो. खडे मारत बसायचो. मग कधीतरी आपोआप गप्प व्हायचो, आणि ऐकू यायला लागायचं. मेंढरांचा रवंथ. लांब कुणाच्या तरी विहिरीवरचं इंजिन.

तेवढं शांत मला पुन्हा कुठंच वाटलं नाही. आता तर हातात सतत मोबाईल. तसं बसायचं म्हटलं तरी जमत नाही.

पुढं मामांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मुलगा संतोष शिरूरला राहायचा, कंपनीत होता. तो त्यांना घरी घेऊन आला. त्याच्या बायकोनं, सुनीतानं, लेकीसारखं केलं.

मामांना, म्हणजे त्याच्या अण्णांना, करमावं म्हणून संतोषनं कॉटसमोर टीव्ही ठेवला. सकाळी लागायचा, तो सगळे झोपेपर्यंत.

मी भेटायला गेलो तर मामा डावा हात सारखा टीव्हीकडं करत होते.

"आवाज वाढवा म्हणतायत," सुनीता म्हणाली. आणि वाढवला.

मी उठून बंद केला. मामांनी डोळे मिटले, मोठा श्वास सोडला.

तेवढ्यात संतोष कामावरून आला. "अण्णांचा टीव्ही कुणी बंद केला?"

"त्यांना नको असंल रे."

"दादा, मग दिवसभर भिंतीकडं बघत पडायचं व्हय त्यांनी? येडं व्हईल माणूस."

त्यानं टीव्ही परत लावला. त्यांना न्हाऊ-खाऊ घालणारा तो. मी संध्याकाळच्या एसटीनं परत जाणारा पाहुणा.

पुढच्या खेपेला भरदुपारी लोडशेडिंग झालं. सगळे उकाड्यानं बाहेर गेले.

मामा खिडकीतून बघत राहिले. बाहेर पाण्याची टाकी आणि थोडंसं आभाळ. माझा हात त्यांच्या हातात. चेहरा सैल झालेला.

आम्ही दोघं काहीच केलं नाही. खूप वेळ.

मग लाईट आली. टीव्ही एकदम मोठ्यानं सुरू झाला. मामांचा हात दचकला.

बाहेरून सुनीताचा आनंदी आवाज आला. "अण्णा, आली बघा लाईट!"

मी आवाज तेवढा कमी केला.

त्याच महिन्यात मामा गेले. दहाव्याला संतोष गळ्यात पडून रडला.

"दादा, त्यांना करमावं म्हणून मी काय कमी तर न्हाई ना केलं?"

"न्हाई रे. काहीच कमी केलं न्हाईस."

खरं तेच होतं.

मामा, आज तुमची पुण्यतिथी. भाच्याचा नमस्कार घ्या.