अक्काची लोखंडी घोडी

आमच्या घरात पाळणा नव्हता, कारण पाळणा टांगायला घराला आढंच नव्हतं. चार मेढी आणि वर उसाच्या पाचटाचं छप्पर. वारा सुटला की आई हात वर करून छप्पर धरायची. ती दुसऱ्याच्या उसात भांगलायला, म्हणजे खुरप्यानं तण काढायला जायची, आणि घरात तान्हं असलं की त्याला जुन्या लुगड्याच्या झोळीत घालून बांधावरच्या बाभळीला टांगायची. माझी थोरली बहीण, आमची अक्का, तेव्हा नऊ वर्षांची. मी पाचचा. धाकटी सुशी आठ महिन्यांची. त्या दिवशी झोळी अक्कानं बांधली होती. गाठ सुटली नाही, फांदी मोडली... पण नऊ वर्षांच्या पोरीला हा फरक कोण समजावणार? सुशी तिसऱ्या दिवशी गेली. आईनं अक्काला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं असं मला आता वाटतं. अक्का निदान रडली तरी असती.

अक्का जाऊन महिना झाला. मी कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे. आमच्या गल्लीतला पहिला पदवीधर. हे मी छाती काढून सांगतो, कारण ती पदवी अक्कानं खुरप्यानं भांगलून काढलेली आहे. लॅबमध्ये फोन आला तो शेवंतावहिनीचा. अक्काबरोबर वीस वर्षं एकाच पट्टीत भांगलणारी बाई. म्हणाली, "भाऊजी, अक्का बांधावर बसल्या बसल्या गेली. झोळ्या टांगून झाल्यावर. या लवकर." माणूस गेल्याचं सांगतानासुद्धा झोळ्या टांगून झाल्या होत्या हे तिला सांगावंसं वाटलं. त्यात काय होतं ते सांगण्यासाठीच हे लिहितो आहे.

नव्वदीच्या सुरुवातीला मला नोकरी लागली. पहिला पगार हातात आल्यावर अक्काला विचारलं, तुला काय घेऊ? मला वाटलं, साडी म्हणेल. ती म्हणाली, "लोखंडी पायपा घे." मग तिनं मला उद्यमनगरात एका वेल्डिंगच्या शेडमध्ये नेलं. तिला हवी होती झोळी टांगायची घोडी. दोन्ही टोकांना फाकणारे दोन-दोन पाय, वर आडवी पाइप, मध्ये आकडा आणि साखळी. मिटली की सायकलच्या कॅरियरला बांधता यावी, आणि नांगरलेल्या रानात उभी केली तरी हलू नये. मिस्त्रीनं पाय जोडून दाखवले. अक्का म्हणाली, "मिस्त्री, आणि रुंद करा की." त्यानं रुंद केले. "आणि थोडं." मिस्त्री वैतागला. "अक्का, पाळणा करायलोय का पंचगंगेवर पूल?" अक्का म्हणाली, "पूल पडला तर सरकार नवा बांधतंय. लेकरू पडलं तर?" मिस्त्रीनं पाय आणखी फाकवले. पायांखाली पत्र्याच्या थाळ्या जोडायचं मात्र त्यालाच सुचलं, म्हणजे पाय मऊ मातीत रुतायचे नाहीत.

घोडी उभी करायची अक्काची एक रीत होती. आधी पाय फाकवायचे, मग पायांना पायांशी दोरीनं ताणून बांधायचं, म्हणजे ते आणखी फाकत नाहीत. प्रत्येक थाळी टाचेनं दाबायची. मग आडव्या पाइपेला स्वतः लोंबकळायचं. शेवटी साखळीच्या कड्या कमी-जास्त करून झोळी जमिनीपासून वीतभर वर ठेवायची, त्याहून वर नाही. पहिल्या दिवशी तिनं झोळीत फडक्यात गुंडाळलेला वरवंटा घालून झोका दिला. बारशाला घालतात तसा. घोडी जागची हलली नाही. मग शेवंतावहिनीचा पोरगा घातला. तो झोपेत एकदम कुशीवर वळला आणि अख्खी घोडी कलली. अक्कानं खांदा लावून पाइप धरली. लेकराला काही कळलंही नाही, पण अक्का कितीतरी वेळ तशीच उभी, पाइप खांद्यावर घेऊन. मग म्हणाली, "दगड पडून ऱ्हातोय. लेकरू वळतंय." दुसऱ्या दिवसापासून तिनं झोळीत शेळीचं जिवंत करडू घालायला सुरुवात केली. करडू लाथा झाडायचं, ओरडायचं, आणि अक्का एकेक पाय सरकवत घोडी तोलायची. ते ओरडणं इतकं तान्ह्यासारखं, की पहिल्यांदा सगळ्या बायका खुरपी टाकून पळत आल्या. शेवंतावहिनी म्हणाली, "अगं बया, करडाचं बारसं घातलंस व्हय?" अक्कासुद्धा हसली.

हळूहळू एका घोडीच्या चार झाल्या. आसपासच्या रानांत कुठंही भांगलण असली की बायका अक्काला आधी विचारायच्या, घोड्या आणणार का? एक गोष्ट मात्र कुणी विचारत नव्हतं. पोरं दोन असली तर अक्का झोळ्या तीन टांगायची. पोरं तीन तर झोळ्या चार. मी एकदा विचारलं. म्हणाली, "असू दे की."

एका उन्हाळ्यात मी डबा घेऊन रानात गेलो होतो. भर दुपार. बायका लांब उसात होत्या, पोरं गाढ झोपलेली. तीन झोळ्या स्थिर, आणि चौथी, रिकामी, हलत होती. जोरात नाही. कुणी बोटानं दोरी ओढत असल्यासारखी... एका लयीत. मी बी.एस्सी. झालेला माणूस. आधी उसाकडं बघितलं, पात हलत नव्हती. थाळ्या बघितल्या, चारही पक्क्या. करडू लांब बाभळीला बांधलेलं, पाय दुमडून निजलेलं. रिकामा पाळणा हलवू नये असं आमच्याकडं म्हणतात. घरात चुकून धक्का लागला तर बायका धावत जाऊन धरतात. अक्का बांधावर बसून नुसती बघत होती. मी जवळ गेलो. लुगडं मधोमध खाली आलेलं होतं, आत वजन असल्यावर येतं तसं. मी आत हात घातला. काही नव्हतं. कापड तेवढं ऊन लागत होतं... उन्हानंच असणार. मागून अक्का हळूच म्हणाली, "हात काढ बापू. जागी हुईल."

मी हात काढला. त्यानंतर तो विषय आमच्यात कधी निघाला नाही. लॅबमध्ये मात्र मी बऱ्याचदा कागदावर घोडीचं चित्र काढून बलाचे बाण दाखवत बसायचो. हिशेब दर वेळी बरोबर यायचा, आणि झोळी दर वेळी स्थिर राहायला हवी असायची.

तिचे दिवस झाल्यावर शेवंतावहिनीचा निरोप आला, भांगलण सुरू झाली, घोड्या कोण उभ्या करणार? मी रजा टाकली. लॅबमधून पातळी बघायचं यंत्र घेतलं आणि रानात गेलो. शेवंतावहिनीची नात, थोरल्या लेकीची, सहा महिन्यांची. मी यंत्रातला बुडबुडा बघत पहिली घोडी उभी केली आणि म्हणालो, "घाला आता." वहिनी लेकराला घेऊन दोन पावलं पुढं आली आणि थांबली. मान जराशी कलती करून उभी राहिली. मग लेकरू माझ्या हातात देऊन वाकली, एका थाळीखालची माती उकरली, टाचेनं दाबली. तिथं उंदरानं पोखरलेलं होतं. वरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मी म्हणालो, "वहिनी, तुम्हाला कसं कळलं?"

ती माझ्याकडं बघत राहिली, मला ऐकू कसं आलं नाही असं. "आत्ता म्हणाली की अक्का, डावा पाय दाब म्हणून."

बाकीच्या बायका पुढं आल्या. त्यांनी उरलेल्या घोड्या उभ्या केल्या, दोऱ्या ताणल्या, कड्या मोजल्या. मला कुणी हात लावू दिला नाही. मी यंत्र पिशवीत घातलं.

या गोष्टीचा अर्थ मला लावता येत नाही आणि मी लावणारही नाही. शिकलेल्या माणसानं जे स्वतः मोजलं तेवढंच सांगावं. अक्काच्या घोड्या पंधरा वर्षं रानात उभ्या राहिल्या. त्यांवरून एकही लेकरू पडलं नाही.