वेसेलसारखी साइट

आमच्या घरात जेवताना वेसेलचं नाव काढायचं नाही. काढलं की हर्मेनचा घास तोंडातल्या तोंडात फिरत राहतो, आणि बटाटे थंडगार होईपर्यंत मला त्या माणसाचं पुराण ऐकावं लागतं. हर्मेन म्हणजे माझा नवरा. हॉलंडमधल्या याच हिलेगोम गावात जन्मला आणि इथल्या ट्यूलिपवाल्यांच्या फुलांचे फोटो काढता काढता म्हातारा व्हायला आला. एप्रिलमध्ये शेतं फुलली की हा चिखलात पालथा, कॅमेरा नाकाला लावून. फुलं फार दिवस ठेवत नाहीत, कंद पोसावा म्हणून मुंडकी छाटून टाकतात. त्याआधी काय टिपायचं ते टिपून घ्यायचं. उभ्या गावात हे काम त्याच्याइतकं कुणी केलेलं नाही, आणि हे मी बायको म्हणून सांगत नाही.

वेसेल आला ॲमस्टरडॅमहून. तिथे तो जिने, काँक्रीटच्या भिंती आणि टकले आर्किटेक्ट यांचे काळेपांढरे फोटो काढायचा. इथे घर परवडलं म्हणून आला, आणि खिडकीतून दिसतातच आहेत तर ट्यूलिपही काढायला लागला. आणि लोकांना त्याचं कौतुक तरी किती! बेकरीवाली मला म्हणते, "यानेके, वेसेलची साइट बघितलीस का गं? अगदी स्वप्नात गेल्यासारखं वाटतं." मी म्हटलं, "आम्हाला झोपेत स्वप्नं पडतात, तेवढी पुरतात," आणि पाव न घेताच घरी आले.

घरी येऊन बघते तर हर्मेन तीच साइट उघडून बसलेला. आधी पडद्यावर नुसते आकडे, शंभरापर्यंत चढत जाणारे. मग एकच फोटो सगळा पडदा व्यापून, आणि त्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत 'मी प्रकाशाशी बोलतो'. खाली एक बाण आपला उड्या मारतोय. पान खाली सरकवलं की फोटो डावीउजवीकडून तरंगत येतात, लहानमोठ्या विटा रचाव्यात तसे बसतात, आणि सगळे करडे. माऊस एखाद्या फोटोवर नेला की तेवढ्यापुरता त्यात रंग भरतो.

"प्रकाशाशी बोलतो म्हणे! मेल्या, आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोल," मी म्हटलं.

हर्मेन हसला नाही. माऊस न्यायचा, काढायचा, परत न्यायचा. "हे माझ्याकडे का नाही?"

"तुझ्या फोटोंत रंग आधीपासूनच आहेत म्हणून."

"तुला नाही कळायचं."

आमची साइट म्हणजे पांढरं पान, एकाखाली एक फोटो आणि फोटोखाली फुलाचं नाव. बस्स. मला कधी त्यात कमी वाटलं नव्हतं. पण खोटं कशाला बोलू, वेसेलचं ते तरंगणं बघितल्यावर माझ्याही पोटात दुखायला लागलं. मग मी हार्लेमपासून लायडनपर्यंतच्या सगळ्या फोटोवाल्यांच्या साइटी धुंडाळल्या. जिकडेतिकडे तेच आकडे, तोच उड्या मारणारा बाण, तेच करड्याचं रंगीत होणं. कुणी प्रकाशाशी बोलतोय, कुणी शांततेशी. मी हर्मेनला बोलावून दाखवलं. म्हटलं, "बघ, नावं झाकली तर कुणाची कुठली ते त्यांच्या आईलासुद्धा ओळखू येणार नाही."

तो बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे सगळ्यांकडे आहे. माझ्याकडेच नाही."

मी बटाटे सोलायला उठले.

त्याचा जीव नेमका कशात अडकला होता ते सांगते. आमच्या गल्लीच्या टोकाला क्रेलिसकाका राहतात. दोन जातींचा संकर करून त्यांनी एक नवी ट्यूलिप तयार केली; केशरी, आणि पाकळीच्या कडेला जांभळी झाक. असं फूल काढायला माणसाची अर्धी हयात जाते. ते पहिल्यांदा उमललं तेव्हा काकांनी हर्मेनला हाक मारली होती, आणि तेव्हापासून दर वसंतात तो त्याचा फोटो काढत आलाय, पैचीही अपेक्षा न धरता. या वर्षी त्या फुलाचं बारसं होतं. बारसं म्हणजे पाहुणे जमवून, फुलावर शॅम्पेन ओतून नाव जाहीर करायचं. त्या वेळी जो फोटो निघतो तो फुलाबरोबर जगभर जातो, कंदाच्या पाकिटावर छापला जातो, काढणाऱ्याच्या नावासकट. हर्मेनला तो फोटो हवा होता. दुसरं काही नको होतं त्याला.

आणि वेसेल ट्यूलिप काढायला लागल्यापासून याच्या डोक्यात भुंगा शिरला. काका वेसेलची साइट बघणार, भुलणार आणि काम त्याला देणार.

तो हार्लेमला मारीतकडे गेला. मारीत साइटी बनवते, शहाणी बाई आहे. मी बरोबर होतेच. ती म्हणाली, "हर्मेन, तुझी फुलं झाकू नकोस. शिवाय फोनवर..."

"वेसेलची आहे तशी," हर्मेन म्हणाला.

"अरे पण ऐकून तरी घे..."

"तशीच. आणि आकडे पण हवेत."

तिने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बाईला कळतं, कुठे बोलायचं आणि कुठे कॉफी प्यायची.

साइट झाली. घरच्या मोठ्या पडद्यावर, खरं सांगते, भारी दिसत होती. करड्या शेतावर माऊस नेला की लाल रंग भसकन उसळायचा. हर्मेन शीळ घालत फिरायला लागला. मार्चमध्ये, शेतात नुसते हिरवे कोंब होते तेव्हा, त्याने काकांना निरोप पाठवला: माझी नवी साइट नक्की बघा. दोन दिवसांनी रस्त्यात गाठून पुन्हा सांगितलं. चर्चबाहेर परत एकदा.

"पुरे आता," मी म्हटलं, "तो म्हातारा वैतागेल."

"वेसेलने सांगितलं असेल तर?"

आणि मग एका शनिवारी काका स्वतःच आले. बूट दारात काढले, स्वयंपाकघरात बसले. मी कॉफी दिली, एक बिस्किट दिलं. त्यांनी बारशाचं आमंत्रण टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "तुम्ही दोघं पहिल्या रांगेत बसायचं. फोटो वेसेल काढतोय."

हर्मेनचा चेहरा पडला. माझ्या हातून किटली जोरात आपटली गेली.

"पोरा, गैरसमज नको," काका म्हणाले. "तुझी साइट मी बघितली. शेतात उभा राहून, शांतपणे, शेवटपर्यंत. चांगलीच असणार, मला त्यातलं कळत नाही. पण म्हटलं, हर्मेनने रंगाचं काम सोडलं वाटतं. आणि माझ्या फुलात रंगाशिवाय आहे काय? तुला भिडेपोटी 'हो' म्हणावं लागेल, म्हणून विचारलंच नाही."

"रंग सोडला?" हर्मेन म्हणाला. "काका, कुणी सांगितलं तुम्हाला?"

काकांनी खिशातून फोन काढला. काचेवर माती वाळलेली. अंगठ्याने पुसून त्यांनी साइट उघडली आणि फोन पुढे केला. लाल करडी, पिवळी करडी, आणि काकांचं स्वतःचं केशरी फूल, तेही राखेच्या रंगाचं. फोनला कुठला आलाय माऊस? हर्मेन खाली सरकवत गेला. खाली सरकवत गेला. आकडे, बाण, तरंगणं सगळं जागच्या जागी होतं.

हर्मेनने फोन टेबलावर ठेवला. मग हर्मेनने विचारलं, "आणि वेसेलची? त्याची साइट तुम्हाला रंगीत दिसली?"

"वेसेलची साइट आहे?" काका म्हणाले. "मला नाही बाबा माहीत. चीजच्या दुकानात भेटला, मोकळा आहे म्हणाला."

"मग माझीच का बघितलीत?"

"तूच तर मागे लागला होतास. नाहीतर मी कशाला बघतोय? पहिल्या फुलापासून तू आहेस. काम तर तुझंच होतं रे."

कॉफी संपवून ते गेले. हर्मेन तिथेच बसून राहिला. बारशाला आम्ही पहिल्या रांगेत बसलो, शॅम्पेनचे दोन थेंब त्याच्या बुटावरही उडाले. वेसेलचा फोटो चांगला आला, हे मी कुणासमोर कबूल करणार नाही. साइटवर त्याने तो लावलाय म्हणे, करडा करून. वेसेलचा यात काडीचाही दोष नाही, मला ठाऊक आहे. पण रस्त्यात दिसला की मी सायकल दुसऱ्या बाजूला घेते. कुणावर तरी जळायला नको का? नवऱ्यावर जळून कसं चालेल!