धुराचं यंत्र आणि आईचं नाक

मामा बोटीवर नोकरीला होता. एकदा सुट्टीवर येताना त्याने पनवेलच्या आमच्या घरासाठी धूर लागला की ओरडणारं यंत्र आणलं. बशीएवढं, पांढरं, बॅटरीवर चालणारं. स्वयंपाकघरात लावू नका, असं तो बजावत राहिला आणि वडिलांनी हट्टाने ते तिथेच छताला ठोकलं. “आग लागली तर तिथेच लागणार ना!”

मग काय, करंजा बंदरावरून आणलेले सुके बोंबील कोळशाच्या शेगडीवर पडले की ते कोकलायचं. आई वैतागून बॅटरी काढायची, जेवणं झाली की परत बसवायची. “कशाला हवं हे झेंगट? मला नाक आहे की!” आणि खरंच, गच्चीत पापड वाळत घालता घालता ती सांगायची, “शेजारी दूध करपतंय, जा, सांग त्यांना.”

एका दुपारी मी झोपाळ्यावर पेंगत होते. उन्हाच्या तिरिपेत निळसर धूर सावकाश तरंगत आला. किती सुंदर दिसत होता! मला वाटलं, स्वप्नच पडतंय. तेवढ्यात यंत्र कोकललं.

मी धावले. आई खाली बसून शांतपणे मेथी निवडत होती. वर ओट्यावर दुधाचं पातेलं जळून काळं झालं होतं.

“आज तर काहीच भाजलं नाही,” ती छताकडे बघत म्हणाली, “मग हे का ओरडतंय?”

मी गॅस बंद केला. तिने पातेलं पाहिलं, मग मेथीची मूठ नाकाशी नेली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

त्यानंतर बोंबील भाजायचे असले की ती शेगडी अंगणात न्यायची. बॅटरीला तिने पुन्हा हात लावला नाही.