बूट घालून की अनवाणी?

बूटकाका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. कोपऱ्यावरच्या जिन्याखाली त्यांचं बूट दुरुस्तीचं दुकान. दुकान म्हणजे एक स्टूल, आरी, रापी, मेण लावलेला दोरा आणि उरलेल्या जागेत काकांचं पोट. फाटका बूट त्यांच्या हाती दिला की चार वर्षं बघायला नको. आणि असा हा माणूस धर्माने अनवाणी पंथाचा!

अनवाणी पंथाचं म्हणणं असं, की मेल्यावर देवासमोर उघड्या पायांनीच जायचं. बूट घालून आलेल्याला दारातूनच परत पाठवतात. मावशी जोडेवाल्यांच्या घरातली. त्यांचं बरोबर उलटं: पायात बूट नसतील तर माणूस दारापर्यंत पोचतच नाही. देव एक, ग्रंथ एक, प्रार्थनेची चालसुद्धा एक. घोडं अडलंय ते फक्त पायांपाशी.

गंमत म्हणजे जोडेवाल्यांचे शेवटच्या प्रवासाचे बूट काकाच शिवत. जीव ओतून, दुहेरी टाके घालून. "बिचारे दारातून परत फिरणार," काका सुस्कारा टाकत, "निदान पाय तरी दुखू नयेत. आजवर एक गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलेलं नाही."

एकदा मी विचारलं, "काका, तुम्हाला इतकी खात्री कशी?"

"अगं, आई सांगायची! जन्मभर लोकांच्या फरश्या पुसल्या तिनं. देवाघरची फरशी कायम नुकतीच पुसलेली असते. ओल्या फरशीवर बूट घालून आलेलं कोण खपवून घेईल?"

"आणि वाटेचं काय?" मावशी स्वयंपाकघरातून ओरडली. "माझे वडील पोस्टमन होते. ते सांगायचे, जितका मोठा पत्ता, तितकी खडकाळ वाट!"

झालं! भाजी करपेपर्यंत वाद. मी कुणाच्याच बाजूची नव्हते, मी भाजीच्या बाजूची होते.

मागच्या वर्षी काकांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं आणि या वादातली मजाच गेली. "किरकोळ ऑपरेशन आहे," डॉक्टर म्हणाले. त्यातलं 'किरकोळ' या दोघांच्या कानात शिरलंच नाही.

मावशी मला बाजूला घेऊन रडली. "हे अनवाणी गेले तर वाटेतच बसून राहतील गं. मागून मी बूट घालून टकाटका पुढे निघून जाईन. पोचून बघते तर काय, हे नाहीतच!" तिकडे काकांचा घोर वेगळाच. "तिला दारातून हाकलतील. मी आत एकटा बसून करू काय?" दोघं एकमेकांच्या विनवण्या करून थकली. पण हटेल तो काका कसला, आणि ऐकेल ती मावशी कसली!

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी काकांना आत नेलं. मावशी थोडा वेळ बाकावर बसली, मग "आलेच" म्हणून कुठेतरी जाऊन आली आणि पाय बाकाखाली ओढून बसली.

तासाभराने स्ट्रेचर बाहेर आलं. चादरीखालून काकांचे पाय दिसले आणि मी बघतच राहिले. दोन्ही पायांत निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या!

"भूल चढेपर्यंत एकच धोशा," सिस्टर वैतागून म्हणाली. "बूट घाला, बूट घाला! शेवटी डॉक्टरांनी आमच्या पायात असतात ती कव्हरं चढवली."

काकांनी डोळे किलकिले करून पायांकडे पाहिलं. "तळ नाही, टाच नाही, शिवण तर बघायलाच नको," ते पुटपुटले. मग मावशीला म्हणाले, "म्हटलं, तुझी वाट तर तुझी वाट. चुकामूक नको." तेवढ्यात त्यांना तिचे पाय दिसले. उघडे, गार फरशीने लाल झालेले. "अगं, तुझे बूट?"

"पिशवीत आहेत," मावशी म्हणाली. "तुम्ही आत एकटे काय कराल, म्हणून काढले."

दोघं रडली. मीही नाक पुसलं. म्हटलं, चला, एकतीस वर्षांचं युद्ध संपलं. मी मूर्ख, दुसरं काय!

चौथ्या दिवशी घरी गेले तर जिन्यातच आवाज. "पायात ते होतं म्हणून परत चालत आलो!" काका ओरडत होते. "तुझे वडील काय खोटं बोलायचे?"

"मी अनवाणी बसले म्हणून आलात!" मावशी. "तुमच्या आईनं काय उगाच फरश्या पुसल्या?"

तेव्हापासून काका कट्टर जोडेवाले, मावशी कट्टर अनवाणी. खात्री तसूभरही कमी नाही, फक्त बाजू बदलल्या. भाजी करपते ती करपतेच. काकांनी तिच्यासाठी दुहेरी टाक्यांचे बूट शिवलेत. ती त्यांना पायही लावत नाही, पण रोज पुसून पलंगाखाली ठेवते.

"मावशी," मी हळूच विचारलं, "काका आधी गेले तर?"

तिने बूट हातात घेतला, टाक्यांवरून बोट फिरवलं. "मग घालीन की. न घालून भांडू कुणाशी?"

"काय म्हणाली ती?" काका बाहेरून ओरडले.

"फरशी ओली आहे म्हटलं!" मावशीने बूट झटकन पलंगाखाली सारला. "बूट काढून आत या!"